लिस्बन पायी पाहताना: १ नोव्हेंबर १७५५ च्या अलीकडे आणि पलीकडे

लिस्बन पायी हिंडणाऱ्याने नकाशाआधी एक तारीख ध्यानात ठेवावी: १ नोव्हेंबर १७५५. त्या सकाळी सर्व संतांच्या सणाच्या प्रार्थना चालू असताना भूकंप झाला. मागोमाग टेगस नदीच्या मुखातून त्सुनामीच्या लाटा शिरल्या आणि मग लागलेली आग कित्येक दिवस विझली नाही. समोरची गल्ली वाकडी आहे की सरळ, एवढे पाहिले तरी ती त्या सकाळच्या आधीची की नंतरची, हे बहुधा कळते.

आरंभ साओ जॉर्जच्या किल्ल्यापासून करावा. चढ वाहनाने उरकावा आणि मग उतरत यावे. पदपथांवरचे चुनखडीचे लहान दगड पावसात कमालीचे निसरडे होतात. तळव्याला पकड असलेली पादत्राणे हवीत.

किल्ल्याच्या एका बुरुजात राज्याचे दप्तर असे. पोर्तुगालच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला ‘तोरे दो तोंबो’, म्हणजे दप्तराचा बुरूज, हे नाव त्यावरूनच पडले. भूकंपात तो कोसळला. दप्तराचे प्रमुख मानुएल द माइया तेव्हा ७८ वर्षांचे होते. त्यांनी ढिगाऱ्यातून कागद बाहेर काढवले आणि लाकडी खोपटात सुरक्षित ठेवले. नदीकाठच्या राजवाड्यातील ‘काझा द इंडिया’च्या, म्हणजे पूर्वेकडील व्यापार सांभाळणाऱ्या कचेरीच्या, दप्तराला मात्र असा रक्षक लाभला नाही, ते नष्ट झाले. गोवा-वसईचा पोर्तुगीजकालीन इतिहास लिहिताना ही उणीव भासते. गोव्याच्या दप्तरातील ‘मोन्सोइंश’ ग्रंथांना, पावसाळी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांतील राजपत्रांच्या संग्रहाला, त्यामुळे अधिकच मोल आहे.

किल्ल्याखालचा आल्फामा खडकावर उभा असल्याने पुष्कळसा बचावला. त्याचे नावच अरबी, उष्ण झऱ्यांवरून पडलेले. इथे वाट चुकली तरी चिंता नको. उतार धरला की नदी येतेच.

पुढे कॅथेड्रलवरून बायशात उतरताच गल्ल्या ताठ होतात. त्या नव्याने आखण्याचे पर्याय राजापुढे मांडणारा मुख्य अभियंता म्हणजे तेच माइया. प्रत्यक्ष आराखडे एउजेनियो दुश सांतुश आणि कार्लुश मार्देल यांनी केले; त्यांमागे मंत्री पोंबाल यांची सत्ता होती. सोनार, चांभार, खोगीर-लगाम करणारे अशा व्यवसायांवरून रस्त्यांना नावे मिळाली, ती अजून पाट्यांवर आहेत. घरांच्या भिंतींत फुलीसारख्या तिरक्या वाशांचा लाकडी सांगाडा दडवलेला असे, हादरा सोसण्यासाठी. तो बाहेरून दिसत नाही. रुआ दुश कोहेएरुशवरील एका बँकेखालच्या उत्खनन-दालनात रोमन काळातील मासे खारवण्याच्या टाक्यांसोबत त्या बांधकामाचेही अवशेष पाहता येतात; सहलीची वेळ आधी ठरवून जावे.

उत्तरेस रोसियोला पोहोचल्यावर टेकडीवर कार्मु मठाच्या छप्पर नसलेल्या कमानी दिसतात. त्या खरोखरच भूकंपाची साक्ष देतात. जवळच्या साओ दोमिंगुश चर्चमधील भाजलेले खांब मात्र १९५९ च्या आगीचे. इथे घाईने निष्कर्ष काढू नये.

याच चर्चमध्ये एप्रिल १५०६ मध्ये, दुष्काळ आणि प्लेगच्या दिवसांत, सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंविरुद्धच्या दंगलीला तोंड फुटले. समकालीन वृत्तांतांनुसार तीन दिवसांत दोन हजारांच्या आसपास माणसे मारली गेली. बाहेरच्या चौकात त्यांचे स्मारक २००८ मध्ये उभारले गेले. ते लहान आहे. मान वर करून इमारती पाहणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटते.