स्वयंसेवी संस्थेचा व्यवस्थापक : तळमळीपलीकडचे काम

समाजकार्याला तळमळ पुरेशी, व्यवस्थापक कशाला हवा, असा समज आपल्याकडे बराच काळ रूढ होता. वस्तुतः हे काम कारखाना चालविण्याहून सोपे नाही. कारखान्याचा माल खपला नाही तर चूक लगेच कळते. संस्थेत सेवा घेणारा पैसे देत नाही आणि पैसे देणारा सेवा घेत नाही. त्यामुळे काम बिघडले तरी अहवाल देखणेच राहतात. वस्तीवर जाऊन, खाली बसून लोकांचे ऐकण्याची सवय हा म्हणूनच या पदासाठीचा पहिला गुण ठरतो.

दुसरी कसोटी हिशेबाची. महाराष्ट्रातील अनेक संस्थांची नोंदणी १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा या दोन्हींखाली असते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात ‘चेंज रिपोर्ट’ दाखल करावा लागतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले आणि संस्थांपुढे नवा देणगीदार उभा राहिला. तो तिमाही आकडे मागतो. परदेशी देणग्यांचे नियम २०२० मध्ये अधिक कडक झाले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि ही देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास बंदी झाली. मोठ्या संस्थांमार्फत निधी मिळविणाऱ्या लहान संस्थांची त्यात कोंडी झाली.

खरी परीक्षा मात्र महिनाअखेरीस होते. शाळेच्या प्रकल्पासाठी आलेली रक्कम बँकेत पडून असते आणि दवाखान्यातील परिचारिकांचे पगार थकलेले असतात. ‘महिनाभरापुरते’ पैसे फिरविण्याचा मोह येतो तो नेमका चांगल्या हेतूने. अशा वेळी देणगीदाराला पत्र लिहून परवानगी मागणे आणि विश्वस्तांपुढे तुटीचा आकडा जसाच्या तसा ठेवणे, एवढे धैर्य व्यवस्थापकात असावे लागते. विश्वस्त वयाने व मानाने मोठे असतात, हीदेखील अडचण असतेच!

माणसे सांभाळण्याची रीतही इथे निराळी. स्वयंसेवकाला पगारकपातीचा धाक नसतो. तो रविवारी आला आणि त्याला नेमके काम मिळाले नाही, तर पुढच्या रविवारी तो येत नाही.