सागरी कासवांचा मागोवा (महाराष्ट्र)

सागरी कासवांचा मागोवा म्हणजे कासवांना खूणपट्टी किंवा उपग्रह-प्रेषक लावून त्यांचे स्थलांतर, खाद्यक्षेत्रे व वाढ यांचा केला जाणारा अभ्यास होय. महाराष्ट्रात हा अभ्यास प्रामुख्याने ऑलिव्ह रिडले या जातीच्या माद्यांवर झाला आहे.

पार्श्वभूमी

वेळास (ता. मंडणगड, जि. रत्नागिरी) येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या सहकार्याने कासवांच्या घरट्यांचे संरक्षण केले. मात्र किनाऱ्यावर केवळ अंडी घालणाऱ्या माद्या येतात. नर आणि अपरिपक्व कासवे यांचे आयुष्य समुद्रातच जाते. त्यामुळे घरट्यांच्या गणनेतून कासवे कोठे चरतात व किती वेगाने वाढतात, हे कळत नाही.

पद्धती

कासवाच्या पुढील वल्ह्यासारख्या पायाला क्रमांकाची धातूची पट्टी लावून कवचाची लांबी लवचीक फितीने मोजतात. तेच कासव पुन्हा सापडल्यास दोन मापांतील फरकावरून वाढीचा वेग काढता येतो. कवचावर चिकटवलेला प्रेषक, कासव श्वासासाठी पृष्ठभागावर आल्यावर, उपग्रहाकडे संदेश पाठवतो. त्यातून मार्ग समजतो. वाढ मोजण्यासाठी मात्र कासव पुन्हा हाती यावे लागते.

कोकणातील प्रकल्प

महाराष्ट्राचे कांदळवन प्रतिष्ठान आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी जानेवारी २०२२ मध्ये वेळास येथील ‘प्रथमा’ व आंजर्ले येथील ‘सावनी’ या माद्यांना प्रेषक लावले. फेब्रुवारीत गुहागर येथे ‘वनश्री’, ‘रेवा’ व ‘लक्ष्मी’ यांची भर पडली. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ दक्षिणेकडे जात श्रीलंकेपर्यंत पोहोचली. तसेच २०२१ मध्ये ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवरील कासवे एकमेकांपासून पूर्णतः वेगळी नाहीत, हे यावरून दिसते.

खाद्यक्षेत्रांचे महत्त्व

लक्षद्वीपमधील अगत्ती बेटाच्या उथळ पाण्यात हिरव्या कासवांच्या दाट वस्तीमुळे सागरी गवत विरळ झाले. मासे कमी होण्यास कासवेच कारणीभूत आहेत, अशी स्थानिक मच्छीमारांची भावना झाली. खाद्यक्षेत्रातील कासवांची संख्या, हालचाल व वाढ यांच्या नोंदी ठेवल्यास अन्नाची टंचाई आणि असा संघर्ष वेळीच लक्षात येऊ शकतो. सागरी कासवांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ चे संरक्षण आहे. परंतु त्यांच्या मार्गांवरील मासेमारीच्या जाळ्यांचा धोका कमी करण्यासाठी ते मार्ग आधी ज्ञात असणे आवश्यक ठरते.