सादरीकरण नेमके कोणासाठी?

एकच सादरीकरण संचालकांपुढे, ग्राहकांपुढे आणि कारखान्यातील पर्यवेक्षकांपुढेही करण्याची पद्धत आपल्या कार्यालयांत सर्रास आढळते. पहिल्या चार स्लाइड कंपनीच्या इतिहासाला वाहिलेल्या असतात आणि ज्यासाठी सभा बोलावली तो विषय येईपर्यंत निम्मा वेळ संपलेला असतो. नमनालाच घडाभर तेल! श्रोत्यांना येणारा कंटाळा हे यातील किरकोळ नुकसान. समोरच्याला काय जाणून घ्यायचे आहे, हे न ओळखल्यास काय घडू शकते, याचे दाहक उदाहरण 'कोलंबिया' अवकाशयानाच्या दुर्घटनेच्या चौकशीत सापडते.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबियाने उड्डाण केल्यानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाह्य इंधनटाकीवरील फोमचा तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास केला आणि निष्कर्ष स्लाइडच्या रूपात मांडले. व्यवस्थापकांना एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते, यान सुखरूप परतेल काय? एका स्लाइडचा मथळा तर वाचणाऱ्यास दिलासा वाटावा असाच होता. खरी गोष्ट मात्र अगदी तळाशी, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात दडली होती. चाचण्यांत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता, तर पंखावर आदळलेल्या तुकड्याचा अंदाजित आकार १,९२० घन इंच, म्हणजे ६४० पट होता! 'लक्षणीय' या अर्थाचा शब्द त्या एका स्लाइडवर पाच वेळा आला होता. लक्षणीय म्हणजे किती, हे कोठेच स्पष्ट नव्हते.

धोका नाही, असे व्यवस्थापकांनी गृहीत धरले. १ फेब्रुवारी रोजी परतीच्या प्रवासात यानाचे तुकडे झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. ऑगस्ट २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात एडवर्ड टफ्टी यांनी केलेले या स्लाइडचे विश्लेषण समाविष्ट आहे. स्लाइडमुळे यान कोसळले, असे अर्थातच म्हणता येणार नाही; पंखाची छायाचित्रे मिळविण्याची अभियंत्यांची मागणीही मार्गी लागली नव्हती. परंतु 'आमच्या चाचण्या एवढ्या मोठ्या तुकड्याला लागू पडत नाहीत' हे एक वाक्य मथळ्याच्या जागी असते, तर निदान चर्चा तेथून सुरू झाली असती.

आपल्या रोजच्या सभांत जिवावर बेतणारे काही नसते. परंतु माहिती उतरंडीच्या तळाशी लपविण्याची खोड तीच असते. समजा, कारखान्यात नवे यंत्र घ्यावयाचे आहे. वित्तप्रमुखाला गुंतवणूक किती वर्षांत वसूल होईल हे हवे असते. उत्पादनप्रमुखाला काम किती दिवस बंद राहील याची धास्ती असते. कामगारांचे प्रतिनिधी किती जणांची गरज उरेल, याकडे कान लावून बसलेले असतात. यंत्र तेच, आकडेही तेच. पहिल्या स्लाइडवर काय असावे, हे मात्र श्रोत्यांवरून ठरते. म्हणून संगणकापुढे बसण्यापूर्वी सभेतील दोघा-तिघांशी दूरध्वनीवर बोलून घ्यावे. निर्णय कोण घेणार, त्यांना आधीच काय ठाऊक आहे, पूर्वी असा प्रस्ताव कशावरून फेटाळला गेला, एवढे कळले तरी पुरे.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. सांगली-कोल्हापूरच्या वितरकांपुढे परदेशातील मुख्यालयाकडून आलेल्या स्लाइड जशाच्या तशा झळकविल्या जातात. 'मिलियन'चे लाख करण्यात बिचाऱ्यांची पाच मिनिटे जातात आणि तोवर वक्ता पुढे गेलेला असतो. आकडे लाख-कोटींत द्यावेत, बोलणे मराठीत ठेवावे. बारीक तपशिलाचे तक्ते पडद्यावर न आणता छापून आदल्या दिवशी हाती द्यावेत, म्हणजे सभेचा वेळ प्रश्नांसाठी मोकळा राहतो.