विकरक्रियामापन : अनुस्फुरक अब्जांश-संवेदक व लोणारचे पाणी

विकराची क्रिया त्याच्या वजनावरून ठरत नाही. ठराविक वेळात त्याच्यामुळे किती पदार्थाचे रूपांतर होते यावरून ती ठरते, आणि ज्या मात्रेने मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थ पालटतो ती मात्रा एक एकक मानण्यात येते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे, उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या सुमारे 1.8 किमी. व्यासाच्या विवरात जे खारे पाणी साठले आहे, त्याचा सामू 10 च्या आसपास असतो. मेहकर सरकारातील (मोगलकालीन प्रशासकीय विभागातील) या स्थळी साबणाचे व काचेचे साहित्य मिळते आणि त्यावर महसूल येतो, अशी नोंद अकबरकालीन ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथात आहे. त्याच पाण्यातील अल्कप्रिय जीवाणूंच्या प्रथिनविदारक विकरांचा अभ्यास पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 2002 मध्ये प्रसिद्ध केला. आणि या वर्गातील विकरे कपडे धुण्याच्या पावडरीत रक्ताचे व अन्नाचे डाग घालविण्यासाठी मिसळतात, तेव्हा साबणाशी असलेले लोणारचे नाते काही अगदीच तुटलेले नाही.

अशा विकराच्या मोजणीची रूढ रीत म्हणजे दुधातील केसीन त्याला पचावयास देणे, न पचलेले प्रथिन आम्लाने साकळवून गाळणे, आणि सुट्या झालेल्या टायरोसिनाला फोलिन अभिकारकाने येणारा निळा रंग मापणे. रीत विश्वासार्ह, पण वेळखाऊ. शिवाय क्रिया चालू असतानाची गती तीत दिसत नाही.

अनुस्फुरक अब्जांश-संवेदकात, म्हणजे प्रकाश टाकताच स्वतः प्रकाशणाऱ्या नॅनोमीटर आकाराच्या कणांच्या संवेदकात, ही उणीव भरून निघते. क्वांटम डॉट या अर्धवाहक कणाला पेप्टाइडाच्या लहानशा साखळीने प्रकाशशामक रेणू जोडला, तर डॉटची ऊर्जा त्या रेणूकडे जाऊन प्रकाश मंदावतो. विकराने साखळी तोडताच दोघांत अंतर पडते, आणि ऊर्जेचे हे संक्रमण अंतराच्या सहाव्या घाताने घटत असल्यामुळे, काही नॅनोमीटरांची फारकत होताच डॉट पुन्हा प्रकाशू लागतो. प्रथिनाने वेढलेल्या, तांबड्या प्रकाशणाऱ्या सुवर्णगुच्छांत (सोन्याच्या मोजक्या अणूंच्या पुंजक्यांत) प्रकार उलटा : विकराने वेष्टन कुरतडले की त्यांची लाली ओसरते. कार्बन डॉट स्वस्त पडतात व त्यांत कॅडमियमसारखी विषारी धातू नसते.

लोणारच्या पाण्याशी गाठ पडली की मात्र या नाजूक उपकरणांचा कस लागतो. क्षाराधिक्याने कण एकमेकांस चिकटून त्यांचा प्रकाश विनाकारण मंदावू शकतो. तेथे विपुल आढळणाऱ्या स्पिरुलिनातील फायकोसायनिन 650 नॅनोमीटरच्या जवळपास स्वतःच तांबडे प्रकाशते, आणि सुवर्णगुच्छांचा प्रकाशही साधारण तेथेच, 640 च्या सुमारास, पडतो. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झाले ते ज्या लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, त्यांची रंगद्रव्येही प्रकाश शोषतात. म्हणून नमुना गाळून व सौम्य करून घ्यावा, त्याचाच एक भाग उकळून, विकर निकामी झाल्याची खात्री करून, तुलनेसाठी ठेवावा, आणि प्रमाणरेषा शुद्ध पाण्यात न काढता त्याच सामूच्या व तितक्याच खारट द्रावणात काढावी. केसीनची जुनी रीतही पडताळ्यासाठी हाताशी असावी. कारण संवेदकाची चमक आकड्यात उतरते, पण तिचे एककांत रूपांतर अखेर ज्ञात क्रियेच्या विकराशी ताडूनच करावे लागते.