बाईला प्रोस्टेटची गोळी

मूतखड्याच्या ऑपरेशनच्या आठवडाभर आधी डॉक्टरांनी आईला एक कॅप्सूल लिहून दिली. बिटको चौकाजवळ मी ती विकत घेतली आणि रस्त्यातच मोबाईलवर नाव टाकलं. उत्तर आलं : प्रोस्टेटचं औषध. आईला कुठून आलं प्रोस्टेट? मी डॉक्टरांना फोन न करताच तिला म्हटलं, "राहू दे, चुकून दिलंय." तिनेही ऐकलं.

ऑपरेशनच्या दिवशी दुर्बिणीची नळी वर गेलीच नाही. मूत्रवाहिनी अरुंद होती. डॉक्टरांनी जोर लावला नाही. स्टेंट घालून बाहेर आले. "गोळ्या घेतल्या होत्या ना?" या प्रश्नावर मी खाली बघितलं. त्यानंतर मी या गोळीचा इतिहास शोधला.

खड्याला हात लावायची भीती जुनी. हिपोक्रेटिसच्या शपथेत वैद्य खडा कापणार नाही असं वचन देतो. सुश्रुत कापायला सांगतो, पण आधी राजाची परवानगी घ्यायला लावतो. रोग्याला स्नेहन-स्वेदन देऊन तयार करायला सांगतो, आणि शस्त्र लागू नये अशा आठ जागा मोजून देतो. म्हणजे आधी शरीर सैल करा, मग आत शिरा.

मूत्रवाहिनीत दुर्बीण पहिल्यांदा गेली १९१२ साली, अमेरिकेत. ह्यू हॅम्प्टन यंग यांनी एका तान्ह्या बाळात ती थेट मूत्रपिंडापर्यंत नेली. जमलं, कारण आजारामुळे त्या बाळाची मूत्रवाहिनी आधीच प्रचंड फुगली होती. बाकीच्यांची तशी नसते. ती २५ ते ३० सेंटीमीटर लांब आणि जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. आज दुर्बिणीसाठी जी बाहेरची नळी आधी सरकवतात, तिचा एक नेहमीचा आकार बाहेरून ४.७ मिलिमीटरच्या आसपास असतो. २०१३ साली ऑलिव्हिए ट्राक्सर आणि त्यांच्या सहकाऱ्याने अशा ३५९ रुग्णांची पाहणी मांडली : ४६.५ टक्के जणांच्या मूत्रवाहिनीला कमी-जास्त इजा झालेली. आधी स्टेंट असलेल्यांत गंभीर इजा बरीच कमी.

गोळीचं काम इथे सुरू होतं. मूत्रवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतात, आणि त्यांना आवळायला लावणारे अल्फा रिसेप्टर प्रोस्टेटसारखेच तिथेही असतात, बाईच्या आणि पुरुषाच्याही. टॅम्सुलोसिन जपानात १९९३ साली आलं, सिलोडोसिन २००६ साली, दोन्ही प्रोस्टेटसाठी. पुढे डॉक्टरांनी तीच औषधं खड्यासाठी वापरली. २०१८ साली कोरियातल्या संशोधकांनी नळी सरकवायला लागणारा जोर चक्क मोजला. आधी सिलोडोसिन घेतलेल्यांत तो कमी भरला.

ही जादू नव्हे. गोळीने चक्कर येऊ शकते, रक्तदाब उतरू शकतो; मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ती आवर्जून सांगायची असते. आणि आईने ती घेतली असती तर नळी गेलीच असती, असंही कुणी छातीठोक सांगणार नाही.

स्टेंटने काही दिवसांत मूत्रवाहिनी सैल झाली, दुसऱ्या खेपेला खडा निघाला. मधले दिवस आई लघवीला जाताना भिंत धरून उभी राहायची. मला एकदाही बोलली नाही. आता तिची कुठलीही चिठ्ठी आली की मी मोबाईल काढतो, पण डॉक्टरांना फोन लावायला.