आगबोटीचा आहार

पेणकडील मंडळी धरमतरच्या खाडींतून मुंबईस जातांना जिला ‘आगबोट’ म्हणत, तिचें नांव मराठीनें मोठें नेमकें ठेविलें आहे. इंग्रजाच्या दृष्टीस वाफ पडली. आपल्या लोकांच्या दृष्टीस आग पडली. समुद्रपार जाणाऱ्या मोठ्या बोटींचा तर सारा व्यवहार त्या आगीभोंवतींच फिरत असे.

१८२९ सालीं मुंबईच्या गोदींत ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट बांधण्यांत आली. २० मार्च १८३० रोजीं कप्तान जॉन विल्सन तिला घेऊन सुवेझकडे निघाला. साडेपांच दिवस पुरेल इतक्याच कोळशाची तिच्यांत सोय होती. एडन मात्र अकरा दिवसांच्या वाटेवर! तेव्हां उतारूंच्या खोल्यांतही कोळसा भरला. एडनला पोहोंचतांना अवघ्या सहा तासांचा कोळसा उरला होता. २२ एप्रिलला ती सुवेझला लागली. परंतु या तेहेतीस दिवसांपैकीं सुमारें बारा दिवस वाटेंतल्या मुक्कामांतच गेले, आणि तें मुख्यतः कोळशापायीं.

वाऱ्याची वाट पाहणें संपलें, पण कोळशाची वाट पाहणें सुरू झालें. त्यांतही मौज अशी कीं, हा कोळसा विलायतेहून आफ्रिकेला वळसा घालून शिडांच्या जहाजांनींच यावयाचा! १८३९ सालीं इंग्रजांनीं एडन घेतलें, त्याच्या कारणांत कोळशाच्या वखारीची ही निकड मोठी होती. १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला, इंजिनेंही काटकसरी झालीं. तथापि भट्टीची भूक शमली नाहीं.

ती भूक भागविणाऱ्यांस ‘आगवाले’ म्हणत. डेकवर सारंग व टिंडेल यांच्या हुकमतीखालीं खलाशी, त्यांत कोंकणचे पुष्कळ, भोजनगृहांत गोवेकर, आणि तळाशीं भट्टीपुढें आगवाले, अशी मुंबईस येणाऱ्या मोठ्या बोटींवर कामाची वांटणी असे. चार तास भट्टींत कोळसा घालावयाचा, निखारे उकरावयाचे, राख काढावयाची. आठ तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हां तेंच. तांबड्या समुद्रांत वारा पाठीमागचा असला म्हणजे खालीं हवाच उतरत नसे. या श्रमांचें वेतन गोऱ्या खलाशाच्या मानानें फारच थोडें असे.

विलायतेचें टपाल ठरल्या दिवशीं मुंबईस पोहोंचे, याचें श्रेय आपण यंत्राला देतों. तें यंत्र प्रत्येक पहाऱ्यास माणसाच्या हातून फावड्यानें कोळसा घेत होतें, एवढें त्या हिशेबांत धरलें पाहिजे.