बरं करणाऱ्याचं आयुष्य खर्ची पडतं तेव्हा

फँटसी गेम खेळणाऱ्यांना ‘हीलर’ माहीत असतो. जखमीवर हात ठेवला की जखमी उठून बसतो आणि हीलरची प्राणशक्ती तेवढी कमी होते. हा हिशेब काही गेमवाल्यांनी शोधलेला नाही. बुरोंडीला आमची आजी आमच्या तोंडावरून हात फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडायची. तुझी इडापिडा माझ्यावर, एवढाच त्याचा अर्थ. बाबराची गोष्टही तशीच. हुमायून आजारी पडला, बाबराने त्याच्याभोवती फेऱ्या घालून दुखणं स्वतःवर मागून घेतलं. मुलगा बरा झाला, बाबर 1530च्या डिसेंबरात गेला. मध्ये काही महिने गेले होते असं इतिहासकार म्हणतात, पण गोष्टीला ते परवडत नाही.

आता पुण्याकडे येऊ. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. सावित्रीबाई फुले तेव्हा 66 वर्षांच्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत सैन्यात नोकरीला होते. त्यांना बोलावून घेऊन हडपसरजवळ ससाणे मळ्यात, गावाबाहेर मोकळ्या माळावर दवाखाना काढला. ही नुसती माया नव्हे हं, यात डोकं आहे. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा मुलगा आजारी असल्याचं कळलं, तेव्हा बाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला. सावित्रीबाई 10 मार्च 1897ला प्लेगने गेल्या.

इथे थांबलं तर ही हुबेहूब फँटसी वाटते, आणि आपण बहुतेकदा इथेच थांबतो. पण बाई गेल्या म्हणून मुलगा वाचला, असं झालेलं नाही. दोघंही वाचू शकले असते. प्लेगचा जंतू 1894 मध्ये सापडला होता, पण तो माणसापर्यंत पोचतो कसा हे माहीत नव्हतं. उंदरावरची पिसू त्याला कारण आहे, हे पॉल-लुई सिमाँने कराचीत 1898 मध्ये दाखवलं. पुढची काही वर्षं ते फारसं कुणी मानलंही नाही. म्हणजे ज्या माहितीने कदाचित बाईंचा जीव वाचला असता, ती वर्षभर उशिरा आली. याला ‘त्याग’ म्हटलं की मरण हीच सेवेची ठरलेली किंमत वाटायला लागते. मला ते पटत नाही. आत्ता कोविडमध्ये नर्स आणि आशाताईंवर फुलं उधळली, तेव्हाही आधी विचारायला हवं होतं की मास्क पोचले का.

आणि त्याच सालातली दुसरी तारीख बघा. 10 जानेवारी 1897. मुंबईत वाल्देमार हाफकिनने स्वतः बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, आणि माणूस कामाला लागला. शरीर याचंही खर्ची पडलं, पण एकदाच, आणि उपयोग लाखोंना.

सावित्रीबाईंनंतर डॉ. यशवंत नोकरीवर परत गेले. पुढे पुण्यात पुन्हा प्लेगच्या रुग्णांवर उपचार करताना 1905 मध्ये तेही प्लेगनेच वारले. तोवर लस येऊन आठ वर्षं झाली होती.